तीन वर्षांचे परीक्षार्थी

जून उजाडण्याच्या कितीतरी आधी शहरांतील मध्यमवर्गीय घरांत एका विलक्षण परीक्षेची तयारी सुरू होते. परीक्षार्थीचे वय अवघे तीन वर्षे. त्याला उजव्या-डाव्या पायातील चप्पल ओळखता येत नाही. परंतु रंगांची इंग्रजी नावे, सव्वीस अक्षरे आणि वीसपर्यंतचे आकडे त्याच्याकडून घोटून घेतले जातात. आजीने खिडकीतल्या पाखराला 'चिऊताई' म्हटले की आई घाईघाईने 'स्पॅरो' अशी दुरुस्ती करते. शिक्षण हक्क कायदा २००९ साली संमत झाला आणि त्याच्या १३व्या कलमाने शाळाप्रवेशासाठी बालकाची वा पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली. चाळणी मात्र गेली नाही. तिला 'संवाद' हे गोंडस नाव तेवढे मिळाले.

या साऱ्या खटाटोपाचे समर्थन विज्ञानाच्या नावाने केले जाते. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाआधी होते, हे विधान २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही आहे. पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या बाजाराने ते उचलले आणि त्याचा सोयीस्कर अर्थ लावला : भांडे लहान आहे तोवरच ते काठोकाठ भरून टाका! बालविकासाचे संशोधन खरोखर हेच सांगते काय? ते नेमके याच्या उलट सांगते, आणि ते ऐकण्याची तसदी फी भरणारा पालक घेत नाही, घेणारी संस्थाही घेत नाही.

घाईचे फळ

१९७०च्या दशकात तत्कालीन पश्चिम जर्मनीत हाच मोह निर्माण झाला होता. तेव्हा खेळावर आधारलेल्या ५० बालवाड्या आणि अक्षर-अंकांवर भर देणाऱ्या ५० बालवाड्या यांची तुलना करण्यात आली. दहाव्या वर्षापर्यंत खेळलेली मुले वाचनात, गणितात आणि समवयस्कांशी वागण्यात पुढे निघून गेली होती. जर्मनीने हा धडा मानला आणि बालवाड्या पुन्हा खेळाकडे वळवल्या. न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सगेट यांनी पाचव्या वर्षी आणि सातव्या वर्षी वाचन शिकू लागलेल्या मुलांची तुलना केली. अकराव्या वर्षी वाचनकौशल्यात फरक उरला नव्हता. मग ती दोन वर्षांची धावपळ कशासाठी होती?

अमेरिकेतील टेनेसी राज्याचा अनुभव तर डोळ्यांत अंजन घालणारा आहे. तेथील शासकीय पूर्वप्राथमिक वर्गांसाठी अर्ज केलेल्या गरीब घरांतील २,९९० मुलांचा मागोवा घेण्यात आला. प्रवेश सोडतीने ठरत असल्याने तुलना निर्दोष होती. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या वर्गांत गेलेली मुले सहावीत पोहोचेपर्यंत न गेलेल्या मुलांपेक्षा अभ्यासात मागे पडली होती आणि त्यांच्याबाबतच्या शिस्तीच्या तक्रारीही अधिक होत्या. अनेकांना अनपेक्षित वाटलेल्या या निष्कर्षाचा अर्थ एवढाच की बालवाडी असणे हे आपोआप पुण्यकर्म ठरत नाही. बालवाडीत दिवसभर काय घडते, यावर सारे अवलंबून असते.

चांगले घडले तर काय होते, याचीही साक्ष उपलब्ध आहे. मिशिगनमधील यप्सिलांटी गावी १९६२ ते १९६७ या काळात पेरी बालशाळेचा प्रयोग झाला. एकूण १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलांपैकी ५८ मुलांना या शाळेत प्रवेश मिळाला. मुलांनी स्वतः योजना करावी, ती पार पाडावी, मग तिच्याविषयी बोलावे, अशी तेथील रीत होती. शिक्षिका दर आठवड्याला घरी जाऊन आईशी बोलत. बुद्धिमापनातील आघाडी काही वर्षांत ओसरली. परंतु चाळिसाव्या वर्षी या व्यक्तींची कमाई अधिक होती आणि गुन्ह्यांसाठी झालेली अटक कमी होती. टिकले ते पाठांतर नव्हते. टिकला तो स्वभावाला लागलेला वळसा.

जमैकातील किंग्स्टन शहराचे उदाहरण भारताला अधिक जवळचे आहे. १९८०च्या दशकात तेथील १२९ खुरटलेल्या बालकांवर संशोधन झाले. त्यांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जात. घरातल्याच वस्तूंपासून बनवलेली खेळणी घेऊन त्या आईला बाळाशी खेळायला आणि बोलायला शिकवत. वीस वर्षांनी या बालकांची कमाई इतर खुरटलेल्या बालकांच्या तुलनेत २५ टक्क्यांनी अधिक भरली. ना वातानुकूलित वर्ग, ना गणवेश, ना परदेशी साहित्य!

विसरलेले अंगण

ज्या समाजाने गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक पाहिले, त्याला हे बाहेरून ऐकावे लागावे, हा दैवदुर्विलास आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाईंनी १९२० साली बालमंदिर उघडले. माँटेसरींचे तत्त्व त्यांनी आपलेसे केले, पण त्याला रूप दिले ते इथल्या गोष्टींचे, गाण्यांचे, खेळांचे. ताराबाई त्यांच्या सहकारी. त्यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ साली कोसबाडला आपले काम नेले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वारली मुले शाळेत येत नाहीत, हे दिसताच शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात गेली. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हे तिचे शैक्षणिक साहित्य. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजनेने जे 'अंगणवाडी' हे नाव देशभर नेले, ते या प्रयोगात आधीच रुळले होते.

परंतु पूर्वजांच्या नावाचा जयघोष केल्याने वारसा सांभाळला जात नाही. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत फेटा बांधून मिरवणारा आणि 'मराठी शाळा वाचवा' अशी पाटी धरणारा पिता दुसऱ्या दिवशी आपल्या मुलीसाठी इंग्रजी नर्सरीच्या रांगेत उभा राहतो. मातृभाषेचे पहिले मारेकरी परके नाहीत, घरचेच आहेत. संस्काराच्या नावाखाली चार वर्षांच्या बालकाला व्यासपीठावर उभे करून श्लोकांची सरबत्ती करवून घेणारेही त्याच रोगाने पछाडलेले आहेत. आजीच्या मांडीवर झुलत म्हटलेला श्लोक बालकाच्या भाषेला आणि कानाला समृद्ध करतो. टाळ्यांसाठी घोटलेला श्लोक आणि घोटलेली इंग्रजी कविता यांत फरक काय? मातृभाषेचा आग्रह धरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वारली पाड्यावरच्या बालकाची मातृभाषा वारली आहे. त्याच्या तोंडी पहिल्याच दिवशी प्रमाण मराठी कोंबणे हाही अन्यायच होय.

मागणी एकच

आता प्रश्न शासनाचा. तीन ते सहा या वयाला शिक्षण हक्काची हमी नाही. ती सहाव्या वर्षापासून सुरू होते. धोरणाने तीन ते आठ या वयाचा पायाभूत स्तर मानला, २०२२ साली त्याचा अभ्यासक्रम आराखडाही आला आणि त्यात खेळ, गोष्टी व मातृभाषेला मानाचे स्थान मिळाले. हे स्वागतार्हच आहे. पण तो राबवणार कोण? महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. तेथील सेविका आहार वाटते, वजन-उंची घेते, लसीकरणासाठी माता गोळा करते, गर्भवतींच्या घरी जाते आणि मोबाइलवर नोंदी भरते. मुलांसोबत खेळायला तिच्याकडे वेळ उरतो किती?

तमिळनाडूत ६४० अंगणवाड्यांचा समावेश असलेल्या एका प्रयोगात काही अंगणवाड्यांना अर्धवेळ काम करणारी, केवळ बालशिक्षणासाठीची एक जादा कार्यकर्ती देण्यात आली. शिकवण्याचा वेळ सुमारे दुप्पट झाला, भाषा आणि गणित सुधारले आणि मूळ सेविकेला सवड मिळाल्यामुळे खुरटलेपण व तीव्र कुपोषणही घटले. एका अर्धवेळ नेमणुकीने शिक्षण आणि पोषण ही दोन्ही कामे साधली. मग महाराष्ट्र कशाची वाट पाहतो आहे? अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा अधिकार आहे, हे सांगायलाही सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये निकाल द्यावा लागला. जिच्या हाती राष्ट्राची पुढची पिढी सोपवायची, तिच्या श्रमाला पगार न म्हणता 'मानधन' म्हणायचे, हा कुठला मान?

प्रत्येक अंगणवाडीत बालशिक्षणासाठी स्वतंत्र, प्रशिक्षित आणि सन्मानाने वेतन मिळणारी कार्यकर्ती असली पाहिजे, ही मागणी विधिमंडळात आणि ग्रामसभेतही घुमली पाहिजे. ती घुमेपर्यंत प्रत्येक घराला एक गोष्ट आजच करता येण्यासारखी आहे. चिऊताईला चिऊताईच राहू द्यावे, तिचे घरटे कुठे आहे ते बाळाला दाखवावे आणि मग त्याने विचारलेल्या दहा प्रश्नांना आपल्या भाषेत, न कंटाळता उत्तरे द्यावीत.