बिअर, बाबा आणि ग्राव



एप्रिल उजाडला की आमच्या डिचोलीत संध्याकाळच्या वाऱ्याला पिकलेल्या बोंडूंचा वास येतो. थोडा गोड, थोडा आंबूस. हा वास आला की मला इंग्लंडमधलं एक स्वयंपाकघर आठवतं. विचित्र वाटेल, पण त्यामागे एक गोष्ट आहे.

२०१८ साली कंपनीने मला दोन वर्षांसाठी रेडिंगला पाठवलं होतं. तिथल्या एका सहकाऱ्याने वाढदिवसाला घरी बिअर बनवायचा संच दिला. तिकडे १९६३ पासून स्वतःपुरती बिअर घरी बनवायला परवाना लागत नाही, त्यामुळे असे संच दुकानात सहज मिळतात. झाकणाचं मोठं प्लास्टिकचं पिंप, माल्ट एक्स्ट्रॅक्टचा १.७ किलोचा डबा, यीस्टची छोटी पुडी आणि आकडे लिहिलेली एक काचेची नळी.

माल्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे काय, हे मलाही तेव्हाच कळलं. बार्लीला मोड आणायचे, ती वाळवायची, भरडून गरम पाण्यात भिजवायची. मोड आल्यामुळे दाण्यातल्या पिष्टाची साखर होते. ते गोड पाणी आटवलं की काकवीसारखा दाट पाक उरतो. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व काढतो, तिथवरचा रस्ता जवळपास सारखाच. माझ्या डब्यातल्या पाकात हॉप्स नावाच्या फुलांचा अर्कही होता, म्हणून तो आधी गोड आणि मग कडू लागायचा.

कृती सोपी. सगळी भांडी निर्जंतुक करायची. डब्यातला पाक आणि किलोभर साखर उकळत्या पाण्यात विरघळवायची, मग थंड पाणी ओतून २३ लिटर करायचं आणि वर यीस्ट भुरभुरवायचं. मी मात्र घाई केली. पिंप अर्धं भरलेलं, पाणी चांगलंच गरम, आणि मी पुडी फोडून मोकळा झालो. दोन दिवस पिंप ढिम्म! यीस्ट हा जिवंत जीव आहे, गरम पाण्यात मरतो, हे बीई झालेल्या माणसाला पुडीवरच्या बारीक अक्षरांतून समजलं. दुसरी पुडी आणली, पाणी विशीच्या अंशांवर आल्याची खात्री केली आणि यीस्ट घातलं. दुसऱ्या सकाळी झाकणावरच्या नळीतून बुडबुडे सुरू. साखर खाऊन यीस्ट मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं, तो वायू बाहेर पडत होता.

नेमके त्याच आठवड्यात आई-बाबा गोव्याहून आले.

आईने स्वयंपाकघरात पाय ठेवला, वास घेतला आणि पिंपाकडे बोट दाखवून विचारलं, "हें कितें?" मी सांगितलं. ती काही बोलली नाही. बाहेरच्या खोलीत जाऊन बसली आणि त्या दिवशी जेवलीही नाही. आमच्या घरात दारू हा शब्दच उच्चारला जात नसे. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

बाबा मात्र ओट्याशी उभे राहिले. काचेची ती नळी त्यांनी उचलली, उजेडात धरली आणि म्हणाले, "हो ग्राव न्हय रे?"

मी चकित झालो. आमचे बाबा म्हणजे निवृत्त शिक्षक. चहाशिवाय काही न पिणारे. त्यांना हायड्रोमीटर कसा माहीत? नळी द्रवात सोडायची आणि ती किती बुडते ते वाचायचं. साखर जास्त असेल तर ती वर तरंगते, साखर कमी होत गेली की खाली जाते. माझ्या बिअरचा आकडा १.०४० वरून हळूहळू १.०१० पर्यंत उतरणार होता, म्हणजे साधारण चार टक्के मद्यार्क.

"आमच्याकडे फेणी मोजायला असायची," बाबा म्हणाले. "पोर्तुगीज भाषेत ग्राव म्हणजे अंश. फेणी १९-२० ग्रावाची हवी. आजोच्या भट्टीवर मोजायचं काम माझं होतं."

आजोची भट्टी! आम्हाला लहानपणापासून सांगितलं होतं की पेडण्यात हणखणेच्या बाजूला आजोची बागायत होती. बागायत होतीच, पण काजूची. अबकारी खात्याच्या पावणीत बोली लावून आजो दर हंगामात भट्टी घालायचा. बाबांची मॅट्रिकची फी, पुढचं कॉलेज, आत्याचं लग्न, सगळं त्या भट्टीतून निघालं.

मग ही गोष्ट लपवली का? कारण धाकटा काका. तो पंधरा-सोळाव्या वर्षापासून भट्टीवर बसायचा आणि धार कशी आली ते चाखून बघायचा. चाखणं वाढत गेलं. बेचाळिसाव्या वर्षी तो गेला. पुढच्या हंगामात आजोने बोली लावली नाही. आईने नवी नवरी म्हणून त्या घरात पाऊल ठेवलं ते काकाच्या शेवटच्या वर्षांत. तिने काय काय बघितलं, ते ती आजही सांगत नाही.

बिअर मी पूर्ण केली. मोजून साखर घालून बाटल्या भरल्या, दोन आठवडे ठेवल्या. चव बरी होती. बहुतेक बाटल्या सहकाऱ्यांना वाटून टाकल्या. बाबांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "फेणीसारखी नाही." आईने पुढे माझ्याशी बोलणं सुरू केलं, पण पिंप घरातून जाईपर्यंत नाही.

आता मी डिचोलीत घरूनच काम करतो. इथे दारू तयार करायला अबकारी परवाना लागतो आणि घरगुती बिअरलाही सूट नाही. शिवाय आपल्या उन्हाळ्यात तिशीपार पाऱ्यात बिअरच्या यीस्टला भलतेच वास सुटतात. त्यामुळे तो छंद संपला.

पण यंदा बाबांना आणि माझ्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन पेडण्यात नात्यातल्या एकांच्या भट्टीवर गेलो. खाली पडलेलीच बोंडं वेचतात, झाडावरून तोडत नाहीत. कोळंबीत (मासळी नव्हे, बोंडं मळायची दगडी जागा!) ती मळतात, चोथा दाबून नीरो काढतात. मळताना निघालेला रस तीन-चार दिवस आंबतो. पुडी नाही, थर्मामीटर नाही, यीस्ट फळाच्या सालीवरूनच येतं. भांड्यातून पहिल्यांदा निघतो तो हुर्राक. तो आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा भट्टी लावली की फेणी. याच फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

भट्टीवाल्याने बाबांच्या हातात ग्राव दिला. त्यांनी तो सफाईने सोडला, वाकून आकडा वाचला. मुलाने विचारलं, "आजोबा, तुमचे बाबा दारू करायचे?"

मी बाबांकडे बघितलं. वाटलं, विषय बदलतील.

"होय," ते म्हणाले. "त्याच पैशांवर मी शिकलो. आणि त्याच भट्टीवर माझा धाकटा भाऊ बिघडला. घरी गेल्यावर त्याचा फोटो दाखवतो."

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून तो काढला. मीही काकाला पहिल्यांदाच बघत होतो. आई आतून आली, थोडा वेळ उभी राहिली आणि मुलाला म्हणाली, "गाणं छान म्हणायचा रे तो."

फोटो आता बाहेरच्या खोलीत आहे.