अहवाल फडताळात, प्रश्न दारात

लोकशाहीत राज्य लोकप्रतिनिधींनी करावयाचे असते, तज्ज्ञांनी नव्हे, ह्याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु निर्णय घेण्यापूर्वी राज्यकर्त्यांनी उपलब्ध ज्ञान विचारात घ्यावे, एवढी अपेक्षा करण्याचा अधिकार नागरिकांस निश्चितच आहे. आपल्याकडे समित्या नेमण्याचा उत्साह उदंड आहे. त्यांचे अहवाल आल्यावर मात्र सरकारी कचेऱ्यांत जी शांतता पसरते, ती चिंता वाटावी अशी आहे.

पश्चिम घाटाचे उदाहरण पाहावे. केंद्र सरकारने २०१० साली डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल सादर केला. सरकारनेच मागविलेला हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. माहितीच्या अधिकाराचा आधार घेऊन नागरिकांनी दाद मागितली, केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि मे २०१२ मध्ये तो अहवाल लोकांच्या दृष्टीस पडला. पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांच्या सीमा ग्रामसभांशी विचारविनिमय करून ठरवाव्यात, असा ह्या समितीचा आग्रह होता. तथापि ज्यांच्या शेतीवाडीविषयी अहवाल बोलत होता, त्यांच्या हाती तो त्यांच्या भाषेत वेळेवर पडलाच नाही. ‘आता घर बांधता येणार नाही, जमीन कसता येणार नाही’ अशा वार्ता मात्र कोकणापासून केरळपर्यंत घरोघर पोहोचल्या. पुढे डॉ. कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाने २०१३ साली संरक्षित करावयाचे क्षेत्र बरेच आकुंचित केले. २०१४ पासून अधिसूचनेच्या मसुद्यांमागून मसुदे निघत राहिले. ३० जुलै २०२४ रोजी वायनाड जिल्ह्यात दरडी कोसळून दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ज्या वैतिरी तालुक्यात हा अनर्थ घडला, तो गाडगीळ समितीने अतिसंवेदनशील म्हणून प्रथम श्रेणीत घातलेला होता. सहावा मसुदा निघाला तो दुसऱ्या दिवशी!

अहवाल स्वीकारला असता तर दरड कोसळलीच नसती, असे आम्ही म्हणत नाही. तेवढ्या मोठ्या पावसापुढे कोणाचा इलाज चालला असता, हे सांगणे कठीण आहे. समितीच्या शिफारशींवर प्रामाणिक मतभेदही असू शकतात. आमचा आक्षेप एवढाच की, त्या मतभेदांची उघड आणि सकारण चर्चा होण्याआधीच विषय गैरसमजांच्या धुरळ्यात हरवला.

ह्याउलट गडचिरोलीचा अनुभव आहे. डॉ. अभय व राणी बंग यांनी तेथील एकोणचाळीस खेड्यांत बेताचे शिक्षण असलेल्या स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी शुश्रूषा करण्यास शिकविले. बाळाला ऊब देणे, वजन करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून उपचार करणे, एवढेच ते काम. तुलनेसाठी घेतलेल्या खेड्यांच्या मानाने नवजात बालकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालकांची तपासणी करण्याचे मार्गदर्शक धोरण केंद्र सरकारने स्वीकारले ते २०११ साली. यशाच्या ह्या कथेतही मध्ये बारा वर्षे गेली. तरीही यश मिळाले, कारण संशोधक निबंध छापून स्वस्थ बसले नाहीत. काम खेड्यातल्या माणसाला पेलेल इतके सोपे करून त्यांनी दाखविले, आणि वर्षानुवर्षे सरकारदरबारी पाठपुरावा केला.

परंतु प्रत्येक संशोधकाच्या अंगी एवढी चिकाटी असेल, असे गृहीत धरून राज्य चालविता येत नाही. सचिवाची बदली होते, मंत्री बदलतो, फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर येते. विद्वानांचाही दोष आहेच. विद्यापीठांत बढती मिळते ती निबंधांच्या संख्येवर. मग आमदाराला समजेल अशा मराठीत चार पाने लिहिण्याचा खटाटोप कोण करणार? ज्या जनतेच्या पैशावर संशोधन चालते, तिच्याशी बोलणे हे हलके काम आहे, ही समजूत विद्वानांनी टाकून दिली पाहिजे.

उपाय कायद्यातच सापडतो. १९५२ च्या चौकशी आयोग अधिनियमाखाली नेमलेल्या आयोगाचा अहवाल, त्यावर काय कार्यवाही केली ह्याच्या निवेदनासह, सहा महिन्यांच्या आत विधिमंडळापुढे ठेवण्याची तरतूद आहे. हीच शिस्त सरकारने नेमलेल्या प्रत्येक तज्ज्ञ समितीस लागू करावी, आणि अहवालाची मराठी आवृत्ती त्याच वेळी प्रसिद्ध करावी. दुसरे, ब्रिटिश पार्लमेंटसाठी १९८९ पासून विज्ञान व तंत्रज्ञानविषयक एक कार्यालय चालत आले आहे. तेथे तरुण संशोधक काही महिने राहून सभासदांसाठी पक्षनिरपेक्ष, संक्षिप्त टिपणे तयार करतात. आपल्या विधिमंडळानेही असे कार्यालय उभारावे, आणि तेथे केलेले काम विद्यापीठांनी अध्यापकाच्या कर्तृत्वात मोजावे. ह्यासाठी फार मोठा खर्च नको. इच्छा मात्र हवी.

तज्ज्ञांचा सल्ला नाकारण्याचा अधिकार लोकनियुक्त सरकारला आहे, आणि तो असलाच पाहिजे. मात्र नाकारावयाचा तर उघडपणे, कारणे देऊन, आपल्या सहीनिशी नाकारावा. उत्तर न देता अहवाल फडताळात ठेवून देणे हा निर्णय नव्हे. ती जबाबदारीतून काढलेली पळवाट आहे. येत्या अधिवेशनात एखाद्या तरी सदस्याने, गेल्या दहा वर्षांत राज्याने नेमलेल्या समित्यांची आणि त्यांच्या अहवालांच्या वाटेस काय आले ह्याची यादी सरकारकडे मागावी. ती सभागृहापुढे आली, तरी सुधारणेचा आरंभ झाला असे आम्ही समजू.