एक गोष्ट, दोन लिप्या

लहान मुलांचं पुस्तक करायला काय लागतं? चार ओळींची गोष्ट, दोन-चार रंगीत चित्रं आणि शेवटी एक तात्पर्य. झालं पुस्तक! पुष्कळांचा असा समज असतो. पुस्तकाच्या दुकानात उभं राहून आपणही म्हणतो, "एवढंसं पुस्तक आणि केवढी ही किंमत!" पण जे लेखक आणि चित्रकार आयुष्यभर हेच काम करत आले, ते सांगतात की मोठ्यांसाठी पानंच्या पानं लिहिणं एक वेळ सोपं, मुलांसाठी सोळा पानं भरणं अवघड. कारण तिथं फुकट जागाच नसते. एक शब्द जास्त झाला की मूल पान उलटतं, आणि एक चित्र खोटं वाटलं की पुस्तकच मिटतं.

ही विद्या शिकवता येते का? येते. आपल्याकडे ती शिकवण्याची खटपटही जुनी आहे. व्यंगचित्रकार शंकर पिळ्ळै यांनी १९५७ साली दिल्लीत चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट काढला, नॅशनल बुक ट्रस्टही त्याच वर्षीचा. पुढे १९८१ मध्ये मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखकांची आणि चित्रकारांची मिळून एकच संघटना स्थापन झाली. दोघांची मिळून एक, हे महत्त्वाचं. मुलांच्या पुस्तकात लेखक मालक आणि चित्रकार भाडेकरू असं चालत नाही. दोघांनी मिळून संसार करायचा असतो.

आपल्या मराठीत या विद्येचं चालतंबोलतं उदाहरण म्हणजे माधुरी पुरंदरे. त्या जे. जे.मध्ये चित्रकला शिकल्या. फ्रेंच शिकल्या, शिकवली. मुलांसाठी लिहिलं तेही स्वतः आणि चित्रं काढली तीही स्वतः. 'राधाचं घर' या त्यांच्या संचात घरातल्या एकेका माणसावर एकेक छोटं पुस्तक आहे. त्यात राजा नाही, राक्षस नाही. नेहमीची आई, नेहमीचे आजोबा. तरी मुलं ती पुस्तकं पुन्हा पुन्हा मागतात. 'वाचू आनंदे' आणि 'लिहावे नेटके' ही त्यांची पुस्तकं तर शिक्षकांनी आणि पालकांनी जवळ ठेवावीत अशीच आहेत. २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांची चित्रं समोर ठेवून नुसतं बघत बसलं तरी एक धडा मिळतो: आधी बघायला शिका, मग काढा.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं पुण्या-दिल्लीचं झालं. आमच्या मुरगावात त्याचं काय?

सांगते. आमचं वास्को म्हणजे भाषांचं बंदर. पोर्तुगीजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुरगावपासून घाट चढून लोंढ्याकडे आगगाडी गेली आणि तेव्हापासून घाटावरची माणसं इकडे येतच राहिली. बायणा, सडा, झुवारीनगर कुठंही जा. दारात कन्नड, दुकानात कोकणी, घरात मराठी, शाळेत इंग्रजी. माझं माहेर डिचोलीचं. तिकडे आणि पेडण्यात मराठी वाचनाची गोडी जुनी, दशावतार बघत आम्ही मोठे झालो. सासर धारवाडकडचं. सासूबाई कन्नड वाचतात, मराठी बोलतात पण देवनागरी त्यांना नीट लागत नाही. माझा मुलगा देवनागरी वाचतो, कन्नड समजतो, पण कन्नड अक्षर त्याला ओळखता येत नाही. दोघं एका खाटेवर झोपतात, एका ताटात जेवतात, पण एक पुस्तक दोघांना मिळून वाचता येत नाही! सीमाभागातल्या किती घरांत ही गत असेल, ते तुम्हीच बघा. सासूबाईंकडे 'अडगूलज्जी कथे'चा खजिना आहे. त्या गोष्टी कागदावर आल्या नाहीत तर माझ्या मुलापर्यंत येऊन थांबणार, हे मला दिसत होतं.

म्हणून गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या आळीतल्या चार-पाच घरांनी ठरवलं, घरच्या घरी पुस्तकं करायची. वर सांगितलेल्या मंडळींकडून जे शिकता आलं ते हाताशी होतंच. त्यातलं तुमच्या उपयोगाचं तेवढं इथं देते.

पहिली गोष्ट, पानं मोजायची. छापखान्यात एक मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापतात आणि तीन घड्या घालतात. त्याची होतात सोळा पानं. म्हणून मुलांची पुस्तकं सोळा, चोवीस, बत्तीस अशा आठाच्या पटीत असतात. गोष्ट त्या मापात बसवावी लागते, शिंपी कापड बघून झबलं बेततो तशी. घरी एका कागदात आठ पानं होतात. मोठा कागद आधी लांबीत दुमडा, मग रुंदीत दोनदा. उलगडलात की आठ चौकोन दिसतील. आता कागद रुंदीत एकदाच दुमडून, दुमडलेल्या बाजूनं मधल्या घडीवर पहिल्या आडव्या घडीपर्यंत कात्री चालवा. पुन्हा उलगडा, लांबीत दुमडा आणि दोन्ही टोकं आत ढकला. शिवण नाही, डिंक नाही, आठ पानी पुस्तक तयार. मुखपृष्ठ आणि मागचं पान सोडलं तर गोष्टीला उरतात सहा पानं, म्हणजे समोरासमोरच्या तीन जोड्या.

दुसरी गोष्ट, कच्चं पुस्तक. लेखक-चित्रकार त्याला डमी म्हणतात. पेन्सिलीनं, काड्यांची माणसं काढून आधी सगळं पुस्तक एकदा करून बघायचं. गोष्ट कुठं रेंगाळते, कुठं धावते, ते इथंच कळतं. सुंदर चित्रं नंतर.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. शब्दांनी जे सांगितलं तेच चित्रानं पुन्हा सांगायचं नाही. "बंडू झाडावर चढला" असं लिहून बंडू झाडावर काढला, तर चित्राचे कष्ट वाया. खाली उभा कुत्रा बंडूची चप्पल पळवतोय असं काढा, मूल हसेल आणि ते शब्दांत नाही हे ओळखून आणखी हसेल.

आमच्या घरच्या पुस्तकाची गोष्ट यातूनच निघाली. कन्नडमध्ये केळ्याला 'बाळे' म्हणतात, आणि मराठीत बाळ म्हणजे काय ते सांगायला नको. अज्जी स्वयंपाकघरातून म्हणते, "बाळे तगो", म्हणजे केळं घे. नातू मराठी शाळेतला. तो पाळण्याकडे बघतो. पान उलटलं की हा पठ्ठ्या बाळाला उचलून धापा टाकत येतोय. शेवटच्या जोडीत अज्जी केळ्याचा घड हातात धरून पोट धरधरून हसतेय. मागच्या पानावर बाळाच्या हातात केळं. शब्द मोजून वीससुद्धा नाहीत. पण पहिल्याच चित्रात कोपऱ्यात केळ्याचा घड टांगलेला दाखवायचा. ज्याला तो दिसेल त्याला गंमत आधीच कळेल, आणि 'मला माहीत होतं' हा आनंद मुलाला दुसरा कोणी देऊ शकत नाही. पान उलटण्याची जागाही नीट धरायची. प्रश्न उजव्या पानावर, उत्तर उलटल्यावर.

चौथी गोष्ट चित्रांतल्या माणसांची. आमच्या धाकट्यानं पहिली अज्जी काढली ती पांढरा अंबाडा, चष्मा आणि काठी. सासूबाई म्हणाल्या, "ही कोणाची अज्जी रे? मला काठी कुठं आहे?" त्या चिडल्याच होत्या थोड्या. मग पोरानं त्यांना समोर बसवलं. इरकलची साडी, तिचा तांबडा पदर, खणाचं पोलकं, हातातल्या हिरव्या बांगड्या, सगळं बघून बघून काढलं. चार वेळा खोडलं. शेवटची अज्जी काही फार सुबक नाही, पण ती आमचीच आहे, हे शेजारचं पोरही ओळखतं. पाठ्यपुस्तकांतल्या आजीपलीकडची आजी मुलांना दाखवायची तर असंच बघत बसावं लागतं. आणि ती पहिल्या पानावर हिरव्या बांगड्यांची असेल तर सहाव्या पानावरही तशीच हवी. मुलं अशा चुका लगेच पकडतात.

पाचवी गोष्ट खास आपल्यासारख्या घरांसाठी. एका पानावर दोन लिप्या घालायच्या तर जागा आधीच राखा. देवनागरीला वरच्या-खालच्या मात्रा असतात, कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग, ओत्तक्षर, ओळीखाली उतरतो. ओळी जवळ घेतल्या तर एकीचं डोकं दुसरीच्या पायाला लागतं. एक लिपी वर, एक खाली, मध्ये मोकळा श्वास. गडद चित्रावर अक्षरं टाकू नका, आणि शिवणीजवळ काही महत्त्वाचं काढू नका, ते घडीत जातं. आमच्या पुस्तकात देवनागरी मी लिहिली, कन्नड सासूबाईंनी. त्यांनी पुष्कळ वर्षांनी हातात पेन धरलं होतं. नातवानं आपल्या भागाचं वाचलं, त्यांनी आपल्या, आणि मग 'बा' हे कन्नड अक्षर कसं काढायचं ते त्यानं आपणहून विचारलं.

सहावी गोष्ट, तात्पर्य गाळा. गोष्टीत शहाणपण असेल तर ते मुलाला सापडेल.

मोठमोठ्या माणसांनीही असंच, घरगुती केलंय बरं का. इंग्लंडच्या बिअट्रिक्स पॉटर यांनी १८९३ साली एका आजारी मुलाला सशाची चित्रं काढून पत्र लिहिलं. त्याचं पुस्तक करायला प्रकाशक तयार होईनात, तेव्हा १९०१ मध्ये त्यांनी स्वतःच्या पैशानं २५० प्रती छापल्या. आकार छोटा, मुलांच्या हातात मावेल असा. दुसऱ्याच वर्षी प्रकाशकानं ते काढलं आणि आज पीटर ससा जगभर फिरतोय. एरिक कार्ल यांना कागदाला भोकं पाडताना पुस्तकातल्या किड्याची कल्पना सुचली. संपादक बाई म्हणाल्या, किड्याऐवजी सुरवंट घ्या. त्यांनी ऐकलं, आणि १९६९ साली आलेला तो खादाड सुरवंट फुलपाखरू होऊन उडाला. कोणाचं तरी ऐकणं हाही या विद्येचा भाग आहे.

दोन भाषांच्या घराला कमी समजू नका. कन्नड बालसाहित्याचा पाया घालणारे पंजे मंगेशराव सारस्वत घरातले, घरची भाषा कोकणी. धारवाडच्या बेंद्रे यांच्या घरी मराठी, आणि कविता कन्नडची. शिवराम कारंतांनी १९३६ साली 'बालप्रपंच' हा मुलांचा ज्ञानकोश तीन खंडांत दिला, तेव्हा असं काही मराठी मुलांच्याही हाती यावं असं कोणाला वाटलं नसेल? 'तोत्तोचान' मात्र आज मराठीतही वाचता येतं आणि कन्नडमध्येही. २००४ साली बेंगळुरूला सुरू झालेल्या प्रथम बुक्सनं २०१५ पासून स्टोरीवीव्हरवर मुलांची पुस्तकं सगळ्यांना मोकळी केली आहेत. तेच चित्र, खाली मराठी किंवा कन्नड. मूळ लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून तुम्हाला भाषांतरही करता येतं. पणजीत २००५ पासून बुकवर्म हे मुलांचं वाचनालय शाळाशाळांतून पुस्तकं पोचवतंय. आणि हे सगळं त्या गोव्यात, जिथं १५५६ साली भारतातला पहिला छापखाना आला.

तेव्हा मैत्रिणींनो, दिवाळीच्या सुट्टीत मुलांना टीव्हीसमोरून उठवायचं असेल तर एक कोरा कागद आणि कात्री काढा. गोष्ट शोधायला लांब जाऊ नका. 'ताई' म्हटल्यावर घरात कोण वळून बघतं, बहीण की आई, इथूनच सुरू करा. कोडं घाला. मराठीत कोडं, कन्नडमध्ये ओगटु, कोकणीत हुमाणें, उत्तराचं चित्र मागच्या पानावर. मागच्या पानावर खाली गोष्ट सांगणाऱ्या अज्जीचं नाव, तिचं गाव आणि साल लिहायला विसरू नका. छापील पुस्तकात ते असतं, आपल्याही असावं. एक प्रत करून शेजारच्या घरी द्या आणि त्यांची एक मागून घ्या.

पुढच्या आठवड्यात घरच्या घरी रंग कसे करायचे ते बघू. हळद, बीट आणि जांभळं तेवढी घरात ठेवा.