औषध कोंबडीला, भुर्दंड समाजाला

ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांच्या आत बाजारात येते. या वेगामागे सुधारित जात आणि सकस खाद्य आहे. परंतु निरोगी पक्ष्यांच्या खाद्यातही अल्प मात्रेत मिसळलेल्या प्रतिजैविकांचा त्यात वाटा राहिला आहे. अशा मात्रेने दुर्बळ जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात, आणि पुढे माणसाच्या दुखण्यात तेच औषध निकामी ठरते. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ने २०१४ साली राजधानी परिसरातील ७० नमुने तपासले; ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. माणसासाठी अखेरचा उपाय असलेल्या कोलिस्टिनचा पशुपालनातील वापर सरकारला २०१९ मध्ये बंद करावा लागला. नफा खासगी आणि खर्च सामाजिक, असा हा व्यवहार आहे.

पर्याय नाहीत असे नाही. हळद, लसूण, ओव्याचे तेल, सेंद्रिय आम्ले, आतड्यातील उपकारक जीवाणू यांवर जगभर प्रयोग झाले आहेत. त्यांचे परिणाम सर्वत्र सारखे येत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. केवळ हळद मिसळून गर्दीच्या, ओलसर शेडमधील रोग हटणार नाहीत. स्वीडनने वाढीसाठीची प्रतिजैविके १९८६ मध्ये, तर युरोपीय संघाने २००६ मध्ये बंद केली. तरी तेथील कुक्कुटपालन बुडाले नाही. स्वच्छता, मोकळी जागा आणि लसीकरण यांची जोड मात्र अपरिहार्य ठरली.

खरा प्रश्न अधिकाराचा आहे. करार पद्धतीत पिल्ले, खाद्य आणि औषध कंपनीचे. शेड, वीज, पाणी आणि राबणूक शेतकऱ्याची. पोत्यात काय आहे हे तो ठरवीत नाही. पण किलोमागे खाद्य जास्त लागले की कपात मात्र त्याच्या मजुरीत होते. अशा माणसाला ‘नैसर्गिक पर्याय वापरा’ असा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. पोत्यावर प्रत्येक घटक मराठीत छापलेला असावा. पशुवैद्यकाच्या चिठ्ठीविना प्रतिजैविक मिळू नये. पर्यायांची चाचणी नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाने सार्वजनिक खर्चाने करावी आणि निष्कर्ष सर्वांना खुले ठेवावेत. संक्रमणकाळातील तूट कंपनीने सोसावी, कपातीच्या रूपाने ती शेतकऱ्यावर लादू नये. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील करारपत्रे मिळवून वाचावीत. लढ्याचा आरंभ तेथूनच होईल.