कर्तव्याच्या आड दडलेले क्रौर्य

२५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात करवीरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज मरण पावले. त्यांचे वय अवघे २० वर्षांचे होते. वेडसर ठरवून सरकारने त्यांना तेथे पहाऱ्यात ठेवले होते आणि ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला.

या शोकांतिकेकडे बहुधा कटाच्या दृष्टीनेच पाहिले जाते. महाराजांच्या छळाला कारभारी माधवराव बर्वे जबाबदार आहेत, असा आरोप ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी केला होता. तथापि ज्या पत्रांच्या आधारे तो केला, ती न्यायालयात बनावट ठरली आणि १८८२ साली टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. बर्वे यांच्यावरील आरोप सिद्ध झाला नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्यामुळे प्रश्न संपत नाही. उलट तो अधिक बिकट होतो. कट नव्हता असे धरले, तर एका तरुण राजाची अशी दैना कोणी केली?

उत्तर असे की, व्यवस्थेने केली. वैद्यांनी अभिप्राय दिला, अधिकाऱ्यांनी हुकूम काढला, शिपायाने पहारा दिला. प्रत्येकाच्या वाट्याला कामाचा एकेक तुकडा आला. संपूर्ण कृत्याची जबाबदारी कोणाकडेच राहिली नाही. शिवाय ‘वेडा’ हा शिक्का एकदा बसला की कैद्याची तक्रार हीच त्याच्या वेडाची खूण ठरते.

अशा आज्ञापालनाचा शोध अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅम यांनी १९६१ साली सुरू केला. समोरच्या माणसाने चुकीचे उत्तर दिले की त्याला विजेचा धक्का द्यावयाचा, असे सामान्य नागरिकांना सांगण्यात आले. धक्के खोटे होते, पण देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. प्रयोगाच्या एका प्रसिद्ध प्रकारात ४० पैकी २६ जण शेवटच्या, ४५० व्होल्टच्या कळीपर्यंत गेले. मात्र शेजारच्या दोन सहकाऱ्यांनी नकार देताच ही संख्या ४० पैकी ४ वर आली. १९७१ च्या स्टॅनफर्ड येथील कृत्रिम तुरुंगाचा प्रयोग दोन आठवड्यांचा होता, तो सहा दिवसांत थांबवावा लागला. पहारेकऱ्यांना कठोर वागण्याची सूचना दिली गेली होती, हे पुढे उघड झाले. म्हणजे केवळ गणवेशाने माणूस क्रूर होत नाही. त्याला वरून मिळालेली मुभाही त्यामागे असते.

वरून मुभा मिळते तशी मनाईही करता येते. याच गादीवर १८८४ मध्ये दत्तक आलेल्या शाहू महाराजांनी १९१९ साली अधिकाऱ्यांना हुकूम दिला, की अस्पृश्यांना समतेने व ममतेने वागवावे. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्यांना निवृत्तिवेतन मिळणार नाही. महाराजांनी सेवकांच्या सद्भावनेवर विसंबून न राहता नोकरीच्या अटीच बदलल्या. ‘रूढीच तशी आहे’ ही सबब त्यामुळे उरली नाही.

स्वतंत्र भारतातील काही उपायांचे मर्मही हेच आहे. अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नाव व हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ साली ठरविले. नाव दिसले की हुद्द्यामागचा माणूस उत्तरदायी होतो. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यानेही छळ करणाऱ्या विद्यार्थ्याबरोबरच तक्रारीकडे डोळेझाक करणाऱ्या संस्थाप्रमुखाला जबाबदार धरले.

कायदा तरीही अपुराच पडतो. शाळेत, कचेरीत, वसतिगृहात क्रौर्य ‘वरचा आदेश’ किंवा ‘जुनी परंपरा’ म्हणूनच शिरते. अशा वेळी पहिल्याने दिलेला नकार एकाकी वाटला, तरी त्याने दुसऱ्याचा नकार सोपा होतो. अहमदनगरच्या त्या किल्ल्यात असा नकार देणारा कोणी निघाला असता, तर करवीरचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता.