जुनं विमान घेताय? आधी लॉगबुक वाचा

अमेरिकेत नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी शिकून ज्यांनी खासगी वैमानिकाचा परवाना काढला, त्या आपल्या मराठी माणसांसाठी हे लिहीत आहे. परवाना हातात आला की स्वतःच्या विमानाची ओढ लागते. नवं विमान नोकरदाराच्या आवाक्यातलं नाही. मग नजर जाते १९४६च्या सेस्ना १४०कडे, एरोंका चॅम्पकडे, पिवळ्याधमक पायपर कबकडे. चांगल्या मोटारीच्या पैशात यातलं एखादं मिळून जातं. १९४७पर्यंत एकट्या जे-३ कबचीच संख्या वीस हजारांच्या घरात गेली होती, म्हणून ही विमानं आजही विकायला दिसतात. घ्या, जरूर घ्या. पण बयाणा देण्याआधी माझं ऐका.

विमान पाहायला गेलात की रंग आणि गाद्या नंतर पाहा, आधी लॉगबुकं मागा. ढाच्याचं वेगळं, इंजिनाचं वेगळं. हँगरमध्येच खुर्ची मागून घ्या आणि पहिल्या पानापासून वाचा. दर बारा महिन्यांनी वार्षिक तपासणीची सही आहे का? मध्येच सात-आठ वर्षं कोरी आहेत का? मोठी दुरुस्ती झाली असेल तर तिचा फॉर्म ३३७ कुठे आहे? एखादं लॉगबुक हरवलं म्हणत असतील, तर विमानाचा तेवढा इतिहासच हरवला असं समजा आणि किंमत तशी पाडून मागा.

विकणारा म्हणेल, ‘ओव्हरहॉलनंतर फक्त तीनशे तास झालेत.’ ओव्हरहॉल कोणत्या साली झाला, ते विचारा. कॉन्टिनेन्टलच्या ए-६५ आणि सी-८५ या इंजिनांना कंपनी १८०० तास सांगते, त्यामुळे तीनशे ऐकून जीव हरखतो. पण ते तीनशे तास पंचवीस वर्षांत झाले असतील, तर वर्षाला पडले बारा. उभ्या इंजिनात तेल ओघळून खाली बसतं, दमट हवा आत शिरते आणि कॅमशाफ्ट-टॅपेटवर गंज चढतो. विमान पुन्हा उडायला लागलं की ते गंजलेले भाग एकमेकांना खरवडतात. मी असंच एक विमान घेतलं होतं. झाकून ठेवलेलं, देखणं, घरच्या लेकरासारखं जपलेलं. वर्षाच्या आत तेलाच्या जाळीत धातूचा चुरा दिसला. इंजिन उघडावं लागलं आणि विमानाच्या निम्म्या किमतीएवढा खर्च आला. घेण्याआधीच्या तपासणीचे पैसे मी वाचवले होते. दर आठवड्याला उडणारं, हजार तास झालेलं पण कागद चोख असलेलं विमान त्याहून कितीतरी स्वस्त पडलं असतं.

तपासणी करणारा मेकॅनिक तुमचा हवा. विकणाऱ्याने सुचवलेला नको, गेल्या वार्षिक तपासणीवर ज्याची सही आहे तो तर नकोच. शिवाय नेमक्या त्या जातीची विमानं त्याच्या हाताखालून गेलेली हवीत, कारण प्रत्येक जातीचं दुखणं निराळं. कबच्या पंखांना खालून आधार देणारे पोलादी स्ट्रट आतून गंजतात, बाहेरचा रंग मात्र कोरा करकरीत राहतो. त्यांच्यासाठी एफएएचा सक्तीचा आदेश आहे. सील न केलेले जुने स्ट्रट दर दोन वर्षांनी तपासावेच लागतात. चॅम्पच्या पंखात लाकडी तुळया असतात. पंख कधी जमिनीला घासला असेल, तर तुळईला गेलेली बारीक चीर कापडाखाली दडून राहते. (भारतातल्या फ्लाइंग क्लबांमध्ये ज्यांनी पुष्पक पाहिलं असेल, त्यांना ही बांधणी ओळखीची वाटेल, हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं ते विमान एरोंका चीफच्याच वळणाचं.) सेस्ना १४०मध्ये चाकांचे पाय ढाच्याला जिथे जोडलेले असतात, तिथे टॉर्च मारून पाहायला सांगा.

आता एक गोष्ट, जी आपल्यापैकी अनेकांना उशिरा कळते. अमेरिकेत विमान स्वतःच्या नावावर नोंदवायचं तर नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-वन-बीवर असलेल्या माणसाच्या नावावर ही नोंदणी होत नाही, आणि मित्राबरोबर भागीदारीत घेतलं तरी प्रत्येक भागीदाराला हीच अट लागू होते. ट्रस्टचा मार्ग आहे, पण तो वकिलाला विचारूनच धरा. विमानावर कर्जाचा बोजा आहे का, हेही पाहून घ्या. विमानांची दप्तरं ओक्लाहोमा सिटीला असतात; थोडे पैसे भरले की तिथला शोध घेऊन देणारे लोक आहेत.

ही विमानं दोन माणसांची आहेत, हे घरी आधीच स्पष्ट सांगा. बारा गॅलन पेट्रोल भरल्यावर कबमध्ये दोन धडधाकट माणसं जेमतेम बसतात. शिवाय यांचं तिसरं चाक शेपटीखाली असतं. नाकाखाली चाक असलेल्या विमानावर शिकलेल्या वैमानिकाला यासाठी प्रशिक्षकाकडून वेगळं शिकून लॉगबुकात तशी सही घ्यावी लागते. उतरल्यानंतर पाय सैल सोडले तर शेपूट पुढे धावते आणि विमान जागच्या जागी गिरकी घेतं. हे शिक्षण खरेदीच्या आधी घ्या. विमा कंपनीही तेच विचारते.

या शनिवारी विमान पाहायला जाणार असाल, तर चेकबुक घरी ठेवून जा.