टारफुल्याचें बीज आणि ज्वारीची हाक

पाऊस पडला कीं जमिनींतलें सारें बीज रुजून वर येतें, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. तणांच्या बाबतींत ती सर्वस्वीं खरी नव्हे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं गांवाकडून ज्वारी येत असेल. त्या ज्वारीचा जुना वैरी जो टारफुला, त्याचें उदाहरण या दृष्टीनें मोठें उद्बोधक आहे.

टारफुल्याच्या एका रोपापासून हजारों बीजें जमिनींत पडतात. प्रत्येक बीज धुळीच्या कणाएवढें. पोटांत शिदोरी ती कितीशी असणार? रुजल्यावर थोड्याच दिवसांत आश्रय देणाऱ्या पिकाचें मूळ सांपडलें नाहीं, तर अंकुर उपाशीं मरतो. म्हणूनच हें बीज नुसत्या पावसानें फसत नाहीं. ओलाव्यांत कांहीं दिवस भिजल्यावरही तें वाट पाहतें. प्रसंगीं दहा-दहा वर्षें पाहतें. ज्वारीचें मूळ अगदीं जवळ आलें व त्यांतून पाझरणारें एक द्रव्य त्यास लागलें, म्हणजे मगच तें अंकुरतें आणि मुळास चिकटून त्याचा रस शोषूं लागतें. जमिनीवर कोंब दिसेपर्यंत पिकाची हानि होऊन चुकलेली असते; ओल असूनही ज्वारी कोमेजते.

अशा प्रकारचें एक द्रव्य १९६६ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं कापसाच्या मुळांपासून वेगळें काढलें व तें स्ट्रायगॉल या नांवानें प्रसिद्ध झालें. परंतु वनस्पति आपल्याच शत्रूस बोलावणें कां धाडील? याचा उलगडा २००५ सालीं जपानी संशोधकांनीं केला. ही हाक असते मुळांस अन्नद्रव्यें पुरविणाऱ्या उपकारक बुरशीसाठीं; टारफुला ती चोरून ऐकतो!

वैऱ्याचें मर्म कळलें कीं उपायही सुचतो. कापसाची हाक ऐकून टारफुला रुजतो, पण त्या मुळांवर त्यास जगतां येत नाहीं. बीज फुकट जातें. इथिओपियांत जन्मलेले शास्त्रज्ञ गेबिसा एजेटा यांनीं दुसरी वाट धरली. ज्यांच्या मुळांची हाकच क्षीण, अशा ज्वारीच्या जाती त्यांनीं पुढें आणल्या. टारफुल्यास दाद न देणाऱ्या ज्वारीवरील या कार्याबद्दल २००९ सालीं त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

ज्यांचें शेतीकडे लक्ष आहे त्या कुटुंबांस आमची सूचना एवढीच, कीं टारफुला असलेल्या शेतांत ज्वारीवर ज्वारी घेऊं नये; आणि तो फुलावर येण्यापूर्वींच उपटून टाकावा. आज आळसानें राहूं दिलेलें एक रोप पुढील कित्येक वर्षांच्या पिकांवर कर्ज चढवून जातें.